आधी आपली पेटी पाहू, मग दुसऱ्याची पिशवी

चांदूर बाजार तालुक्यातल्या आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तशाच ऐका. गटाची बैठक भरवून ऐकत असाल तर आणखी चांगलं, कारण शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहोत.

आजचा विषय आहे, परगावी गेल्यावर आपला पैसा, दागिना, मोबाइल आणि गटाचा लॅपटॉप सांभाळायचा कसा. तुम्ही म्हणाल, यात काय सांगण्यासारखं? पिशवी काखेत धरायची, झालं. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण आमच्या हातून एक चूक घडली आणि तिची किंमत दुसऱ्याच बाईनं मोजली. ती गोष्ट आधी सांगतो. तुम्ही हसलात तरी चालेल, पण तुमच्या हातून तसं होऊ देऊ नका.

मागं आम्ही पाच जणी मुंबईला एका मोठ्या प्रदर्शनाला गेलो होतो. सोबत मुगाच्या वड्या, ज्वारीचे पापड, कुरडया, सरगुंडे, लोणचं आणि तिखट होतं. पापड मोडू नयेत म्हणून एक पत्र्याची पेटी घेतली होती. ग्रामसंघाचा लॅपटॉपही सोबत होता. माल किती नेला, किती विकला, कोणत्या गटाचे किती पैसे झाले, हे सगळं त्यात होतं. चांदूर बाजारहून एसटीनं अमरावती आणि तिथून रात्रीची गाडी. सामान इतकं, की हमाल म्हणाला, बाई, लग्न आहे का?

मुंबईत राहायला एक खोली मिळाली. पाच जणींच्या पाच गाद्या, एक खिडकी आणि भिंतीत एक कपाट, पण कपाटाला कडी नाही. खोलीची एक चावी आमच्याकडे आणि दुसरी खालच्या व्यवस्थापकाकडे. झाडायला एक बाई येई. ती व्यवस्थापकाकडची चावी घेऊन, आम्ही स्टॉलवर असतानाच, दुपारी खोली झाडून जाई. तिचं नाव काय, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. हे आज सांगतानाही वाईट वाटतं.

तीन दिवस विक्री चांगली झाली. फोनवरून आलेले पैसे सरळ खात्यात जात होते, पण रोख पैसेही बरेच जमले होते. चौथ्या दिवशी सकाळी मोजले, तर 18,700 रुपये भरले. ते एका कापडी पिशवीत घालून उशीखाली ठेवले आणि लॅपटॉप गादीवर चार्जिंगला लावला. कोषाध्यक्षाला वाटलं सचिव पाहील, सचिवाला वाटलं कोषाध्यक्ष पाहील. पाचही जणींची वस्तू होती ना! जी वस्तू सगळ्यांची असते, ती कुणाचीच नसते, बायांनो.

रात्री दहाला परत आलो. उशी उचलली, पिशवी नाही. गादीवर पाहिलं, लॅपटॉप नाही. आमच्यातली एकजण मटकन खालीच बसली. त्या पैशात तीन गटांचे पैसे होते. एका ताईनं तर लोणच्याच्या पैशातून लेकीच्या शाळेची फी भरायचं ठरवलं होतं. गावात काय सांगायचं? घरचे काय म्हणतील? "सांगतलं होतं ना, काहून गेल्या होत्या ममईले?" हे शब्द आमच्या कानात तिथंच वाजू लागले.

आणि मग आम्हाला ती झाडणारी बाई आठवली.

ती खाली पाण्याच्या टाकीजवळ बादल्या भरत होती. आम्ही चौघी तिच्यावर तुटून पडलो. चौघीच, कारण आमच्यातली धाकटी वहिनी त्या दिवशी सायंकाळी गावाकडं निघाली होती. तिच्या पोराला ताप भरला होता. आम्ही त्या बाईला काय काय बोललो, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. एक ताई तर सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, "दुपारी तूच तं आली होती खोलीत, दुसरं कोन येते?" त्या बाईनं स्वतःची पिशवी आमच्यापुढं उलटी केली. डबा, एक जुना टॉवेल आणि औषधाची बाटली, एवढंच निघालं. व्यवस्थापक आला. त्यानं काही विचारलं नाही, ऐकलं नाही. तिला म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

आम्हाला त्या वेळी तेही बरोबर वाटलं.

रात्रभर कुणाला झोप नाही. सकाळी पोलिसात जायचं ठरलं. स्टॉलवरचा सामायिक फोन बॅटरी संपून आदल्या सायंकाळपासून बंद पडला होता. तो चार्जिंगला लावला आणि सुरू केला. त्यात धाकट्या वहिनीचा निरोप होता. आदल्या सायंकाळी पावणेसहाला बोलून पाठवलेला. "मावशी, मी निंगाली. पैशाची पिशवी अन् लॅपटॉप तसेच उघडे पडले होते, मले बरं नाई वाटलं. पापडाच्या पेटीत खाली ठेवले, वरून पेपर अन् पापड टाकले. पेटीले कुलूप लावलं, चावी देवाच्या फोटोमागं हाये."

पेटी आमच्या पायाशीच होती. रात्रभर आम्ही तिलाच टेकून रडत बसलो होतो.

पैसे मोजले. 18,700 रुपये, एक रुपया कमी नाही. आनंद व्हायला पाहिजे होता. पण कुणाच्या तोंडून शब्द निघेना. आम्ही व्यवस्थापकाकडं गेलो आणि चूक आमची आहे म्हणून सांगितलं. दोघींनी हट्टच धरला, तेव्हा त्यानं तिला निरोप धाडला. ती दुसऱ्या दिवशी आली. आम्ही हात जोडले आणि बुडालेली रोजी पुढं केली. तिनं पैसे घेतले, नीट मोजले आणि म्हणाली, "बाई, तुम्हीही मोजून घ्या. मागून कमी भरले तर मलाच विचाराल."

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता तुम्हाला गावाकडची पुढची गोष्ट सांगतो. जी ताई त्या रात्री सगळ्यात मोठ्यानं ओरडली होती, तिची लेक हॉटेल मॅनेजमेंट शिकून प्रवासी जहाजावर कामाला आहे. ही जहाजं माल नेणारी नाहीत, लोकांना फिरवणारी आहेत. आपल्या मुंबईहूनसुद्धा 2021 पासून असं जहाज गोव्याला आणि लक्षद्वीपला जाऊ लागलं. आत खोल्या, जेवणाची ठिकाणं, पोहायचा हौद, सगळं काही. आठ-नऊ महिने पाण्यावर काम करायचं आणि मग सुटीवर घरी यायचं, अशी या कामाची रीत. ती लेक सुटीवर आली, तेव्हा गटाच्या बैठकीत आम्ही तिला मुंबईची गोष्ट सांगितली. ती गप्प राहिली. मग आईकडं पाहून म्हणाली, "आई, जहाजावर ती झाडणारी बाई मीच असतो."

ताईनं पदर तोंडाला लावला.

मग त्या पोरीनं आम्हाला जहाजातल्या खोलीची सगळी हकिगत सांगितली. आपल्यापैकी किती जणी जहाजात बसतील ते माहीत नाही, पण तिच्या बोलण्यात आपल्या कामाचं फार आहे, म्हणून सांगतो.

जहाजातल्या खोलीला केबिन म्हणतात. लहानशी जागा. त्यात पलंग, एक टेबल आणि एक कपाट. साफसफाई करणारी व्यक्ती काही जहाजांवर दिवसातून दोनदाही येते, सकाळी झाडझूड आणि चादरी, सायंकाळी पुन्हा आवराआवर. कपाटात भिंतीला पक्की केलेली एक लहान तिजोरी असते. तिला चावी नसते. आपणच चार आकडे ठरवून द्यायचे आणि त्याच आकड्यांवर ती उघडते. त्यात पासपोर्ट, पैसे, दागिना, फोन मावतो. पण मोठा लॅपटॉप बऱ्याच ठिकाणी मावत नाही. मग शहाणे प्रवासी काय करतात? लॅपटॉप आपल्या मोठ्या बॅगेत ठेवतात, बॅगेला कुलूप लावतात आणि बॅग कपाटात आत सरकवतात. बाकीचे लोक तो टेबलावर उघडाच टाकून जेवायला जातात.

ती म्हणाली, "जहाजात वस्तू सांभाळायची म्हणजे चोरापासूनच नाही, समुद्रापासूनपण. जहाज हललं, की टेबलावरचा लॅपटॉप घसरून खाली येतो. अन् मग लोक म्हणतात, झाडणाऱ्यानं पाडला."

तिजोरीबद्दल तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, आकडे ठरवल्यावर तिजोरीचं दार उघडं असतानाच एकदा लावून, उघडून पाहायचं. आत वस्तू ठेवून बंद केली आणि आकडे चुकले, तर पंचाईत. दुसरी, जन्मतारीख किंवा एक दोन तीन चार असे आकडे द्यायचे नाहीत. तिसरी, उतरायच्या आदल्या रात्री तिजोरी रिकामी करायची, कारण घाईत लोक पासपोर्ट तिथंच विसरतात. आकडे विसरले तर जहाजावरचे अधिकारी ती उघडून देतात. याचाच अर्थ असा, की तिजोरी म्हणजे काही ब्रह्मदेवाचं कुलूप नव्हे. ती फक्त सहज हात पडू नये म्हणून आहे.

दार कार्डानं उघडतं. ते कार्ड हरवलं, तर लगेच काउंटरवर जाऊन सांगायचं, म्हणजे ते जुनं कार्ड बंद करतात. दार जड असतं आणि कधी पूर्ण लागत नाही, म्हणून बाहेर पडल्यावर एकदा ओढून पाहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोणत्या कार्डानं दार किती वाजता उघडलं, याची नोंद कुलपातच राहते. ती पोर म्हणाली, "लोकांले वाटते हे नोंद त्यांच्यासाठी हाये. माह्यासाठी तं ते देवच हाये. कुणी म्हटलं वस्तू गेली, तं नोंद पाहा म्हणून सांगता येते. मी किती वाजता गेली, किती वाजता निंगाली, सगळं लिहून असते."

आमच्या डोक्यात तिथं उजेड पडला, मायबहिणींनो. कुलूप, यादी, नोंद हे फक्त आपला पैसा वाचवायला नसतं. आपल्या खोलीत काम करायला येणाऱ्या गरीब बाईची अब्रूही त्यानंच वाचते. उशीखाली पैसा उघडा टाकला, की आपण दोघींनाही संकटात टाकतो, स्वतःला आणि तिला. सामान उघडं टाकून त्यावर विश्वासाचं नाव लावायचं आणि हरवलं की संशयाचं नाव घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

त्यानंतर आमच्या गटानं काही नियम ठरवले. ते आता एकेक करून सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

पहिला नियम. जे लागत नाही, ते घरून निघतच नाही. प्रदर्शनाला, पंढरपूरला, देवदर्शनाला जाताना सोनं अंगावर घालून मिरवायची गरज नाही. काळ्या मण्यांची साधी पोत पुरे. सोनं घरातही सोडून जायचं नसेल, तर बँकेचा लॉकर आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम 1 जानेवारी 2022 पासून असा आहे, की आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्याच माणसाच्या लबाडीमुळं लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. म्हणजे भाडं 1,500 रुपये असेल, तर दीड लाखापर्यंत. सोन्याची पूर्ण किंमत मिळेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवा. पण आलमारीतल्या साड्यांच्या घडीपेक्षा ती जागा बरी.

दुसरा नियम. निघण्याआधी यादी आणि फोटो. लॅपटॉपच्या खाली एक चिठ्ठी असते, तिच्यावर त्याचा अनुक्रमांक असतो. त्याचा फोटो काढायचा. बिल असेल तर बिलाचाही. मोबाइलमध्ये स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं, की पंधरा आकड्यांचा नंबर दिसतो. त्याला आयएमईआय म्हणतात. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. ते कागदावर लिहून घरी ठेवायचे. फोनमध्येच लिहून ठेवले आणि फोनच गेला, तर काय उपयोग?

तिसरा नियम. एका वस्तूची एकच राखणदार. लॅपटॉप एकीकडं आणि रोख पैसा दुसरीकडं. दोन्ही एकाच पिशवीत नाही. राखणदार बदलली, तर वहीत लिहायचं, अमुक वाजता अमुक ताईनं अमुक ताईकडं दिलं, दोघींच्या सह्या. अगदी दहा मिनिटं आंघोळीला जायचं असलं तरी तोंडानं सांगायचं आणि समोरचीनं "हो, माझ्याकडं आहे" असं मोठ्यानं म्हणायचं. आमच्या धाकट्या वहिनीनं वस्तू हलवली ती चांगल्या मनानंच. पण फोनवर निरोप सोडला म्हणजे निरोप पोचला, असं नसतं. समोरून उत्तर आलं, की मगच पोचला.

चौथा नियम. रोख पैसा साठू द्यायचा नाही. आता आम्ही स्टॉलवर फोनवरून पैसे घेण्याचा कोड समोरच लावतो. रोख आली, की एक दिवसाआड दोघी मिळून गटाच्या बँकेच्या तिथल्या शाखेत किंवा पैसे भरायच्या मशीनवर भरून येतो. एकटी जात नाही. सुट्ट्यापुरते दोन-तीन हजार ठेवतो, तेही दोघींत वाटून.

पाचवा नियम, गाडीतला. रेल्वेच्या डब्यात खालच्या बाकाखाली लोखंडी कड्या किंवा तारेचे फास असतात. आपण पाहतही नाही. स्टेशनवर मिळणारी साखळी आणि कुलूप घेऊन पेटी, बॅग त्याला बांधायची. पण लॅपटॉप आणि पैसे बाकाखाली नाही, ते राखणदाराच्या उशाशी, पिशवीचा बंद हाताला गुंडाळून. फोन खिडकीजवळ चार्जिंगला लावून झोपायचं नाही. दाराजवळ उभं राहून बोलायचं नाही, स्टेशनवर गाडी हलताना फोन हिसकतात. अनोळखी माणसानं दिलेलं खाणंपिणं नको, कितीही "माय" म्हणो. आणि रात्री पाळी लावायची. भजनाला जागतो, तशी दोन-दोन तासांची पाळी.

रेल्वेचा कायदाही माहीत असू द्या. 1989 चा रेल्वे कायदा म्हणतो, की पावती करून रेल्वेच्या ताब्यात न दिलेलं, आपण सोबत नेलेलं सामान गेलं, तर रेल्वेच्या माणसाचा निष्काळजीपणा दाखवता आला तरच रेल्वे जबाबदार. म्हणजे आपलं सामान आपणच सांभाळायचं. पण मदत मात्र मागायची. 139 हा रेल्वेचा नंबर आहे. गाडीत त्रास झाला, चोरी झाली, तर त्यावर सांगायचं. चोरीची तक्रार द्यायला मधल्या स्टेशनवर उतरावं लागत नाही. टीसी, गार्ड किंवा गाडीतले पोलिस यांच्याकडं तक्रारीचा कागद असतो, तो भरून द्यायचा आणि प्रवास पुढं चालू ठेवायचा.

सहावा नियम, खोलीतला. खोली मिळाली, की पहिलं काम दाराची कडी आणि खिडकी पाहायची. दुसरी चावी कुणाकडं आहे, ते विचारायचं. आपलं एक कुलूप सोबत न्यायचं. कपाटाला कडी नसेल, तर आपली पेटीच आपली तिजोरी. आमच्या पापडाच्या पेटीनं ते सिद्धच केलं! काही लॅपटॉपच्या कडेला लहानसं भोक असतं, त्यात तारेचं कुलूप बसतं. ते पलंगाच्या पायाला अडकवता येतं. झाडायला येणाऱ्या ताईचं नाव विचारायचं. शक्य असेल तर म्हणायचं, "ताई, सकाळी आम्ही असताना झाडाल का?" आम्ही बाहेर जाताना खोलीत उघडं काहीच ठेवत नाही. हे तिच्यावरच्या संशयानं नाही, तिच्यावर कुणी संशय घेऊ नये म्हणून.

सातवा नियम, लॅपटॉपच्या आतल्या मालाचा. लॅपटॉप गेला तर पैसा भरून काढता येईल एकवेळ. पण गटाचा हिशोब गेला, तर भांडणं लागतात. म्हणून पासवर्ड लावायचा आणि तो चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवायचा नाही! आम्ही तसंच केलं होतं, हसू नका. हिशोबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर काढायची. पेनड्राइव्ह दुसऱ्या बाईच्या पिशवीत ठेवायचा, लॅपटॉपच्या पिशवीत नाही. आणि रोज रात्री साध्या वहीत दोन ओळी, आज विक्री इतकी, शिल्लक इतकी. वहीला चार्जिंग लागत नाही.

एवढं करूनही वस्तू गेली तर? जाऊ शकते. मग काय करायचं, तेही क्रमानं ठरवून ठेवा.

आधी जागेवर थांबायचं. सगळ्यांच्या पिशव्या, पेट्या, गाद्या स्वतः होऊन मोकळ्या करायच्या. एकही पेटी सोडायची नाही. मग गटातल्या प्रत्येकीला फोन करायचा, गावाकडं गेलेल्या बाईलाही. बंद पडलेला फोन चार्ज करून निरोप ऐकायचे. एवढं होईपर्यंत कुणाचंही नाव तोंडातून काढायचं नाही.

तरीही सापडलं नाही, तर पोलिसात जायचं. आपण कुणाची झडती घ्यायची नाही. तो आपला अधिकार नाही. बाईची झडती घ्यायची वेळ आली, तर ती बाईनंच घ्यावी, सभ्यता पाळून घ्यावी, असा कायदा आहे. संकटात 112 नंबर लावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडला असो, कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. "आमची हद्द नाही" असं ऐकून परत यायचं नाही. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

फोन गेला असेल, तर सिम बंद करायला कंपनीला सांगा, त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि बँकेला कळवा. सरकारचं संचार साथी नावाचं पोर्टल मे 2023 पासून सगळ्या देशासाठी सुरू आहे. त्यावर तो पंधरा आकड्यांचा नंबर, तक्रारीची प्रत आणि बिल देऊन फोन बंद पाडता येतो. मग चोरानं दुसरं सिम टाकलं तरी तो चालत नाही. सापडला, तर पुन्हा सुरूही करता येतो. फोनमधून कुणी खात्यातले पैसे काढले, तर 1930 या नंबरवर लगेच. तिथं तासातासाला फरक पडतो, उद्या पाहू म्हणायचं नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वस्तू गेली, म्हणून राखणदार बाईला घराबाहेर काढायचं नाही. नियम पाळूनही गेली असेल, तर नुकसान सगळ्या गटाचं. आपल्याकडं काय होतं, बाईच्या हातून एक पिशवी हरवली, की घरचे म्हणतात, आता कुठंच जाऊ नको. माणसाचं पाकीट मारलं गेलं, तर त्याला कुणी म्हणतं का, की आता बाजारात जाऊ नको? आम्ही मुंबईहून आलो, तेव्हा आमच्या घरीही हीच कुरकुर झाली. पण गटानं ठरवलं, झालेली गोष्ट लपवायची नाही. चूक झाली ती बैठकीत सांगितली, आज तुम्हालाही सांगितली. आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, पाचच्या सात जणी.

आता बहिरमची जत्रा येईल. डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीभर चालणारी आपली जत्रा. रोडगे, वांग्याची भाजी, हंडीतलं मटण आणि माणसांचा पूर. आपल्यातल्या कितीतरी जणींची तिथं दुकानं लागतात, राहुट्यांमध्ये रात्री काढाव्या लागतात. राहुटीला तर दार नाही, की कडी नाही. तिथं हे नियम आणखी कामाचे. पेटी, कुलूप, वही आणि एक राखणदार. आषाढीला अमरावतीकडून पंढरपूरला विशेष गाड्या सुटतात, तेव्हाही हेच. गाडी असो, धर्मशाळा असो, राहुटी असो, नाहीतर समुद्रातली केबिन असो, खोली लहान आणि ये-जा करणारे फार, ही गोष्ट सगळीकडं सारखीच.

तर आता तुमचं काम. येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या फोनचा तो पंधरा आकड्यांचा नंबर काढून वहीत लिहायचा. ज्या ताईला जमत नाही, तिला शेजारच्या ताईनं काढून द्यायचा. गटाच्या लॅपटॉपचा, टॅबचा क्रमांकही लिहायचा. 139, 112 आणि 1930 हे तीन नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. आणि गटाच्या वस्तूंची राखणदार कोण, ते त्याच दिवशी ठरवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

जाता जाता एक सांगतो. ती जहाजावरची पोर परत कामावर जायला निघाली, तेव्हा तिच्या आईनं तिला एक लहान वही दिली. म्हणाली, "तुह्या खोलीत जे लोक राह्यतील, त्याईच्यात एखादी माह्यासारखी बाई असंनच. तू तुहं लिहून ठेवत जाय." आणि आमच्या गटाच्या वहीत, राखणदाराच्या पानाच्या वर, आम्ही एक ओळ लिहून ठेवली आहे. आधी आपली पेटी पाहू, मग दुसऱ्याची पिशवी.

मुंबईच्या त्या ताईचं नाव आम्ही आता विचारून घेतलं आहे. ते इथं सांगत नाही, पण दिवाळीला तिला आमचा फोन जातो. ती कधी उचलते, कधी नाही.

बरं मायबहिणींनो, वेळ झाली. सांभाळून जा, पण जा नक्की. रामराम.